कुडाळमधील उष्णता-उपचार केंद्र : गुडघ्यांसाठी ठीक, गाठीसाठी नाही

कुडाळच्या बाजारपेठेलगत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर काही महिन्यांपासून एक उष्णता-उपचार केंद्र सुरू आहे आणि तेथे मालवण, वेंगुर्ले, कणकवली या बाजूंनीही माणसे येतात. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण तेथील कर्मचाऱ्यांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती आलेल्या प्रत्येकाच्या हातात दिल्या जाणाऱ्या चार पानी रंगीत पत्रकाबद्दल. सांधेदुखी, कंबरदुखी आणि झोप न येणे यांच्याबरोबरच या पत्रकात ‘गाठी व कर्करोग’ असे स्वतंत्र पान आहे, आणि किरणोपचार सुरू असलेल्या आमच्या वाडीतील एका ताईंनी तेच पान मला आणून दाखवल्यावर मी ही सेवा स्वतः घेऊन पाहायचे ठरवले. निवृत्तीपूर्वी मी मुंबईत किरणोपचार विभागात तंत्रज्ञ होतो, त्यामुळे पत्रकातील काही नावे आणि आकडे माझ्या ओळखीचे होते.

सेवेचे स्वरूप साधे आहे. हिरवट दगडांच्या चकत्या बसवलेल्या तापणाऱ्या गादीवर चाळीस मिनिटे झोपवतात, पोटावर आणि मांड्यांवर अर्धगोलाकार झाकण सरकवतात, आणि त्या झाकणातून दूर-अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे) किरण निघून शरीरात खोलवर जातात असे सांगतात. एका बैठकीचे ३५० रुपये आणि सलग एकवीस दिवसांच्या पॅकेजचे ६,००० रुपये असा दर आहे. खोली स्वच्छ आहे, प्रत्येक ग्राहकानंतर चादर बदलतात, स्त्रियांसाठी पडद्याआड वेगळी सोय आहे, आणि काम पाहणाऱ्या मुली ज्येष्ठांशी आदराने, न कंटाळता बोलतात. शेजारच्या गादीवरच्या आजींना मी किती फरक पडला असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “गुडघ्यांका बरां वाटतां, म्हणान येतंय.” त्यात खोटे काही नाही. शेकल्याने स्नायू सैल पडतात, सांध्यांभोवतीचा रक्तप्रवाह वाढतो आणि काही तास वेदना कमी होते. तेवढ्यापुरती ही सेवा चांगली आहे, फक्त घरच्या गरम पाण्याच्या पिशवीच्या मानाने बरीच महाग आहे.

आता त्या पानाकडे वळू. त्यातले सगळेच खोटे असते तर हा लेख चार ओळींत संपला असता. अडचण अशी की त्यातील बहुतेक संदर्भ खरे आहेत. उष्णतेचा आणि अर्बुदांचा, म्हणजे गाठींचा, संबंध वैद्यकाला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. १८६६ मध्ये जर्मनीतील बुश यांनी धावऱ्यासारख्या त्वचेच्या संसर्गाने तीव्र ताप आलेल्या एका रुग्णाची गाठ मागे हटल्याची नोंद केली, आणि १८९० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली यांनी जंतूंपासून केलेली द्रव्ये टोचून मुद्दाम ताप आणण्याचे प्रयोग केले. पुढे ताप आणण्याऐवजी गाठच तापवण्याची यंत्रे आली. आज ज्याला रुग्णालयात हायपरथर्मिया म्हणतात त्या उपचारात गाठीचे तापमान साधारण ४० ते ४३ अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन सुमारे तासभर तेथे टिकवतात, आणि हे एकट्याने कधी करत नाहीत. किरणोपचार किंवा केमोथेरपी यांच्या जोडीनेच करतात.

पत्रकात ‘हॉलंडमध्ये सिद्ध’ असे जे लिहिले आहे, तो अभ्यासही खरा आहे. २००० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत गर्भाशयमुख, मूत्राशय आणि गुदाशय यांचे वाढलेले कर्करोग असलेले ३५८ रुग्ण होते, निम्म्यांना केवळ किरणोपचार आणि निम्म्यांना किरणोपचारासह आठवड्यातून एकदा ओटीपोटाची खोल उष्णता दिली गेली. गर्भाशयमुखाच्या ११४ रुग्णांमध्ये तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले. पत्रकात ५१ हा आकडा ठळक छापला आहे, मात्र त्या सर्व ५१ टक्के स्त्रियांनी पूर्ण किरणोपचार घेतले होते हे वाक्य कोठेही नाही. शिवाय त्या काळच्या तुलनेच्या गटाला आज प्रमाण मानली जाणारी सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाची जोड मिळालेली नव्हती. किरणोपचार आणि सिस्प्लॅटिन दोन्ही देऊन वर उष्णता दिली तर किती भर पडते, याची जपानमध्ये १०१ रुग्णांवर झालेली चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात कल उष्णतेच्या बाजूचा दिसला, पण जगण्याच्या प्रमाणातील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. आपल्याकडेही हे काम झाले आहे. डोके-मानेच्या वाढलेल्या कर्करोगांवर मुंबईत झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ५६ रुग्णांच्या चाचणीत गाठ पूर्ण नाहीशी होण्याचे प्रमाण केवळ किरणोपचाराने सुमारे ४२ टक्के, तर उष्णतेच्या जोडीने सुमारे ७९ टक्के आढळले होते. संख्या लहान आहे, तरी तंबाखूने तोंडाचे कर्करोग घरोघरी पोचवलेल्या आपल्या मुलखात हा अभ्यास हॉलंडपेक्षा जवळचा. पत्रक लिहिणाऱ्याला तो सापडलेला दिसत नाही.

मग गादीवर झोपून काय होते? केंद्रातील पडद्यावर गादीचे तापमान ६५ अंश दिसत होते आणि पोटावर चिकटवलेली त्वचेची तार ४१.२ दाखवत होती. मुलीने मोठ्या उत्साहाने तो आकडा दाखवून “काका, बघा, चाळीसच्या वर गेलं” असे सांगितले. मी घरून नेलेला साधा डिजिटल तापमापक जिभेखाली धरला. सुरुवातीला तो ३६.९ दाखवत होता, चाळीस मिनिटांनी ३७.४. एवढा ताप तर दुपारच्या उन्हात बाजारहाट करून आल्यावरही येतो. ओटीपोटातील गाठीचे तापमान ३७.४ च्या जवळपास असणार, त्वचेवरच्या ४१.२ च्या नव्हे, कारण दूर-अवरक्त किरण त्वचेच्या एक मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीच्या थरात शोषले जातात आणि तेथून पुढे जाणारी उष्णता वाहते रक्त उचलून अंगभर वाटून टाकते. घाम हा त्याचाच भाग आहे.

रुग्णालयातील यंत्र नेमके याच अडचणीशी झगडते. खोल गाठीसाठी आठ मेगाहर्ट्‌झवर चालणारी धारित्र पद्धतीची (शरीर दोन विद्युत-चकत्यांच्या मध्ये धरणारी) यंत्रे किंवा साधारण ७० ते १२० मेगाहर्ट्‌झच्या लहरी चहूबाजूंनी सोडून त्यांचा संगम गाठीवर जुळवणारी यंत्रे वापरतात. छातीच्या भिंतीवर किंवा मानेत वरच्या थरात असलेल्या गाठींना ४३४ किंवा ९१५ मेगाहर्ट्‌झच्या सूक्ष्मलहरी पुरतात, पण त्यांचा पल्ला तीनेक सेंटिमीटरचा. अंगाला पाण्याने भरलेली पिशवी लावलेली असते आणि तिच्यातले पाणी त्वचा थंड ठेवण्यासाठी फिरते, म्हणजे वर भाजू नये आणि आत तापावे. कुडाळच्या गादीवर सर्वांत गरम भाग त्वचा असतो आणि रुग्णालयात त्वचा जपून थंड ठेवतात, एवढा एक फरक लक्षात घेतला तरी पुरे. याशिवाय योनीमार्ग, गुदाशय आणि मूत्राशय यांत बारीक तापमापक तारा सोडून तासभर नोंद चालू ठेवतात, कारण गाठीजवळ किती अंश होते हे कळल्याशिवाय उपचार झाला की नाही हेच सांगता येत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत वरच्या थरातील गाठींवर झालेल्या मोठ्या चाचणीत उष्णतेचा एकूण फायदा दिसला नाही, आणि त्याचे एक मुख्य कारण असे निघाले की बऱ्याच गाठी, विशेषतः मोठ्या, नीट तापल्याच नव्हत्या. तज्ज्ञ माणसे, रुग्णालयाचे यंत्र आणि आत टोचलेल्या तारा असूनही हे घडले.

तापमानातील एकेका अंशाला येथे किती किंमत आहे, ते १९८४ साली सापारेटो आणि ड्यूई या संशोधकांनी मांडलेल्या हिशोबावरून कळते. ४३ अंशांना साठ मिनिटे हे माप धरले, तर त्यावर प्रत्येक अंशाला लागणारा वेळ निम्मा होतो आणि त्याखाली प्रत्येक अंशाला चौपट. म्हणजे ४२ अंशांना चार तास, ४१ ला सोळा तास आणि ४० ला चौसष्ट तास. हा हिशोब उष्णतेने पेशी थेट मरण्याचा आहे. किरणोपचाराची धार वाढवण्याचे काम त्याहून कमी तापमानालाही होते, आणि ४१-४२ अंशांना पेशीतील डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा काही काळ लंगडी पडते हे त्यामागचे एक कारण आहे. पण ३७.४ अंशांना यांपैकी काहीच होत नाही. ‘४० ते ४३ अंशांत कर्कपेशी नष्ट होतात’ हे पत्रकातील वाक्य गादीच्या तापमानाला लावायचे नसून गाठीच्या तापमानाला लावायचे असते.

दुसरी गोष्ट रोजच्या बैठकीची. एकदा तापलेल्या पेशी स्वतःला उष्णतेपासून जपणारी उष्णता-आघात प्रथिने तयार करतात आणि पुढचे दोन-तीन दिवस त्यांना पुन्हा तापवणे तितकेसे बाधत नाही. म्हणूनच रुग्णालयात आठवड्यातून एकदा किंवा फार तर दोनदा, आणि किरणोपचाराच्या मागेपुढे काही तासांतच हा उपचार देतात. सलग एकवीस दिवसांचे पॅकेज कोणत्या शास्त्राने ठरले असे मी विचारले, तेव्हा “एकवीस दिवसांत सवय लागते” असे उत्तर मिळाले. व्यवसायाच्या दृष्टीने ते बरोबरच असावे.

ऑक्सिजनचा भाग मला सर्वांत अधिक खटकला, कारण तेथे प्रात्यक्षिक करून दाखवतात. झोपण्यापूर्वी बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९६ आले. उठल्यावर लावला, ९८ आले. “पेशींपर्यंत ऑक्सिजन पोचला” असा त्याचा अर्थ सांगितला गेला आणि समोर बसलेल्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. हे उपकरण बोटाच्या धमनीतील हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरले आहे तेवढेच सांगते. वातानुकूलित खोलीत बसून बोटे गार पडली की त्याला नाडी नीट मिळत नाही आणि आकडा डळमळतो. बोट ऊबदार झाले की तो सुधारतो. एक-दोन टक्क्यांचा फरक तर उपकरणाच्या स्वतःच्या चुकीच्या मर्यादेतच बसतो.

गाठीतली ऑक्सिजनची टंचाई धमनीत नसतेच, ती केशवाहिनीच्या, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिनीच्या, पलीकडे असते. डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांनी १९१९ मध्ये स्नायूंच्या बाबतीत हे गणिताने मांडले. प्रत्येक केशवाहिनीभोवती ऊतीचा एक दंडगोल कल्पावा, ऑक्सिजन वाहिनीतून बाहेर झिरपत जातो, वाटेतल्या पेशी तो वापरत जातात आणि ठरावीक अंतरानंतर तो संपतो. केशवाहिन्यांच्या नियंत्रणाबद्दल क्रोग यांना १९२० चे नोबेल मिळाले. १९५५ मध्ये थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे पातळ काप तपासले तेव्हा रक्तवाहिन्या असलेल्या भागापासून साधारण दीडशे-पावणेदोनशे मायक्रॉनपलीकडे पेशी मृत आढळल्या, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकेही अंतर नाही. जिवंत आणि मृत यांच्या सीमेवर ज्या पेशी गुदमरत तग धरून असतात, त्याच किरणोपचाराला दाद देत नाहीत. ऑक्सिजन नसताना पेशी मारायला अडीच ते तीनपट मात्रा लागते. गर्भाशयमुखाच्या गाठींत बारीक इलेक्ट्रोड घालून केलेल्या मोजमापांतून १९९० च्या दशकात जर्मनीतील हॉकेल आणि फाउपेल यांनी दाखवले, की ज्या गाठींत ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या दहा मिलिमीटरपेक्षा कमी, त्यांची पुढची वाटचाल वाईट.

सौम्य उष्णतेचा उपयोग येथेच आहे, आणि तो फार देखणा आहे. ३९ ते सुमारे ४२ अंशांपर्यंत तापवल्यास गाठीतील रक्तप्रवाह वाढतो, गरम रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक सहज सोडते, आणि काही काळ त्या गुदमरलेल्या पेशींपर्यंत तो पोचतो; नेमक्या त्या वेळेच्या आसपास किरण दिले तर त्याच मात्रेत अधिक काम होते. मात्र तापमान फार वाढले तर गाठीच्या कच्च्या रक्तवाहिन्याच इजा होऊन बंद पडतात आणि ऑक्सिजन उलट घटतो. किरण, वेळ आणि तापमान या तिघांचा मेळ बसला तरच फायदा. नुसता ऑक्सिजन वाढवून किरण दिलेच नाहीत, तर त्याने कर्करोग बरा होण्याचे काही कारण नाही. पत्रकात ऑटो वॉरबर्ग यांचे छायाचित्र आणि ‘ऑक्सिजन मिळाला की कर्करोग टिकत नाही’ असे वाक्य एकत्र छापले आहे. वॉरबर्ग यांना १९३१ चे नोबेल मिळाले ते श्वसनाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) शोधासाठी, आणि गाठींबद्दल त्यांनी जे पाहिले ते नेमके असे की कर्कपेशी पुरेसा ऑक्सिजन असतानाही साखर आंबवतच राहतात.

रुग्णाच्या ऑक्सिजनची खरोखर काळजी वाटत असेल तर ऑक्सिमीटरऐवजी हिमोग्लोबिन पाहावे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरते. हिमोग्लोबिन १२ असेल तर शंभर मिलिलिटर रक्तात जवळपास पावणेसोळा मिलिलिटर ऑक्सिजन मावतो, ८ असेल तर साडेदहा, आणि दोन्ही स्त्रियांच्या बोटावरचा आकडा मात्र ९८ च दिसतो. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले होते, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात रक्तस्रावाने त्यात आणखी भर पडते. वाडीतील त्या ताईंचे हिमोग्लोबिन नऊच्या आत होते. पॅकेजच्या सहा हजारांत त्यांच्या कित्येक तपासण्या, गोळ्या आणि रुग्णालयाच्या फेऱ्यांचे एसटीभाडे निघाले असते.

गादीने गाठीला फायदा नाही, पण अपायही नाही, असे म्हणून सोडून देता येईल का? मला तसे वाटत नाही. प्रवेशाच्या नोंदवहीत रक्तदाब, गर्भारपण आणि पेसमेकर यांची चौकशी आहे, ती योग्यच. किरणोपचार किंवा केमोथेरपी चालू आहे का, हा प्रश्न मात्र नाही. किरण घेतलेल्या त्वचेला शेक देऊ नये, ही सूचना आम्ही प्रत्येक रुग्णाला पहिल्या दिवशी देत असू. काही केमोथेरपीने हातापायांची संवेदना बोथट होते आणि मग भाजल्याचे कळतच नाही. सिस्प्लॅटिन घेणाऱ्याच्या शरीरात पाणी कमी पडले तर मूत्रपिंडांवर ताण येतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग निवत नाही आणि माणूस नुसता निथळत राहतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये ही भीती अधिक. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या हाताला सूज आहे त्यांनी तो हात तापवू नये. आणि वेदनेसाठी फेंटॅनिल या तीव्र वेदनाशामकाची पट्टी लावलेला रुग्ण त्या झाकणाखाली झोपला तर उष्णतेने औषध भराभर शोषले जाऊन श्वास मंदावण्याचा धोका असतो. पट्टीच्या वेष्टनावर तसा इशारा छापलेला असतो. मी हे सांगितल्यावर मुलीने प्रामाणिकपणे वहीत लिहून घेतले आणि “सरांना विचारते” म्हणाली. सर म्हणजे चालक; ते त्या दिवशी नव्हते.

पुढे त्यांच्याशी फोनवर बोलणे झाले. “आम्ही कर्करोग बरा करतो असे कोठेच म्हणत नाही, फक्त संशोधन देतो,” असे त्यांचे म्हणणे. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत कर्करोगाचे नाव आहे, याची मी त्यांना आठवण करून दिली. ते पान नव्या छपाईत बदलू, असे ते म्हणाले. जुने गठ्ठे संपेपर्यंत काय, याचे उत्तर मिळाले नाही.

ज्यांना गाठीसाठी उष्णतेच्या उपचाराची खरोखर चौकशी करायची आहे, त्यांनी ती गोव्यात बांबोळीला, मुंबईला किंवा जेथे किरणोपचार चालू आहेत तेथील डॉक्टरांकडेच करावी. हे यंत्र देशात मोजक्याच ठिकाणी आहे आणि प्रत्येक गाठीला ते लागू पडत नाही. पोटात कोमट औषध फिरवण्याची शस्त्रक्रिया हा वेगळा प्रकार आहे. अंडाशयाच्या कर्करोगावर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत त्या पद्धतीने निम्मे रुग्ण जितका काळ जगले तो (मध्यक) सुमारे ३४ महिन्यांवरून ४६ महिन्यांच्या घरात गेले होते, आणि तीही शस्त्रक्रियागृहातलीच गोष्ट आहे. विचारताना तापमान कोठे मोजणार आणि किरणांनंतर किती वेळाने तापवणार, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत.

गुडघे किंवा कंबर शेकण्यासाठी कुडाळच्या केंद्रात जायचे असेल तर खुशाल जावे; त्या कामाला मी पाचपैकी तीन गुण देईन, कर्करोगाच्या पानाला शून्य. सकाळी दहाच्या आत गर्दी कमी असते. पाण्याची बाटली सोबत ठेवावी. पॅकेजचे पैसे परत मिळण्याची तरतूद पावतीवर नाही, म्हणून एकेका बैठकीचेच पैसे द्यावेत. इमारतीला लिफ्ट नाही आणि जिना चांगलाच उभा आहे, ही गुडघेदुखीच्या ग्राहकांची गैरसोय चालकांच्या अजून लक्षात आलेली नाही.